वयाची वेस

माणूस मोठा केव्हा झाला म्हणायचे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी मुंजीने, लग्नाने, नांगराला हात लागला की नाही यावरून सोडवला होता. आधुनिक राज्यव्यवस्थेने तो आकड्यांनी सोडवला. १८७५ च्या कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान ठरवली. मतदानाला एकवीसची अट होती, ती ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून अठरावर आली. विवाहासाठी मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस ही वये १९७८ च्या दुरुस्तीने आली. हे आकडे राज्याची सीमा ओलांडली म्हणून बदलत नाहीत. मतदार तलासरीचा असो की धरमपूरचा, त्याचे वय एकच मोजले जाते. एका गोष्टीचे वय मात्र प्रत्येक वेशीवर बदलते, आणि ती गोष्ट म्हणजे दारू.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमचे सिल्वासा, म्हणजे जुन्या माणसांचे सेलवास, हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. येथून पंधरा-वीस किलोमीटरवर वापी लागते. तेथे गुजरातची दारूबंदी आहे, आणि प्रकृतीच्या कारणासाठी मिळणाऱ्या आरोग्य परवान्याला चाळीस वर्षांची अट आहे. दक्षिणेकडे तलासरीच्या बाजूला उतरले की महाराष्ट्र लागतो. तेथे सौम्य बिअर आणि वाइनला एकवीस, कडक मद्याला पंचवीस. मधल्या आमच्या प्रदेशात परवानाधारक दुकानाचा आकडा एकवीस. म्हणजे बावीस वर्षांचा एखादा तरुण सकाळी घरून निघून संध्याकाळपर्यंत फिरून परत आला, तर तो त्या एका दिवसात एका ठिकाणी मोठा, दुसऱ्या ठिकाणी अर्धा मोठा आणि तिसऱ्या ठिकाणी पार लहान ठरतो. बेळगाव, निपाणीकडील वाचकांची स्थितीही फार वेगळी नाही. कर्नाटकात १९६५ च्या अधिनियमात अठरा आणि १९६७ च्या नियमांत एकवीस असे दोन आकडे एकाच वेळी नांदत आले. २०२३ च्या जानेवारीत ते अठरावर एकत्र आणण्याचा प्रस्ताव निघाला आणि विरोध होताच मागे घेतला गेला.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला या आकड्यांचे कुतूहल वाटत आले आहे. चाळीस, पंचवीस, एकवीस हे आले कोठून? शरीरशास्त्राने सांगितले म्हणावे, तर दमणगंगेच्या एका काठावरचे यकृत दुसऱ्या काठावरच्या यकृताहून निराळे नसते. नीतिशास्त्राने सांगितले म्हणावे, तर वापीची नीती आणि सिल्वाशाची नीती यांत एवढे अंतर पडण्याचे कारण दिसत नाही. शोध घेतला की ध्यानात येते, हे आकडे महसुलातून आणि परवान्यांतून जन्मले आहेत. मुलांचा विचार त्यांत फार उशिरा आला.

आकडा नव्हता तेव्हा

या मुलखातील वारली, कोकणा, धोडिया, कातकरी यांच्या घरी दारू कोणत्या वर्षी आली, असे विचारण्यात अर्थ नाही. मोहाचे झाड अंगणात, ताडाचे आणि खजुरीचे झाड बांधावर. जन्म, लग्न, मरण आणि देवाचा उत्सव यांत मोहाची किंवा ताडीची धार जमिनीवर सांडल्याशिवाय कार्य पुरे होत नसे. कोणी प्यावी, किती प्यावी, यावर वयाचा आकडा नव्हता. परंतु बंधन नव्हते असेही नव्हे. मोहाची फुले वेचण्याचा हंगाम ठरलेला, ताडीचा हंगाम ठरलेला, गाळण्याचे काम घरचे, आणि पिण्याला निमित्त लागे. रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर जेथे जाऊन पैसे टाकावेत असे दुकान नव्हते. दुकान नव्हते म्हणून दुकानाच्या दारात कोणाला अडवावे हा प्रश्नही नव्हता.

हा भाग पोर्तुगिजांकडे कसा गेला, हे वाचकांना ठाऊक असेलच. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली मैत्रीचा तह झाला. १७७२ मध्ये मराठा आरमाराच्या हातून ‘सांताना’ या पोर्तुगीज लढाऊ जहाजाचे जे नुकसान झाले, त्याची भरपाई म्हणून बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले. त्यानुसार १७८३ साली नगरहवेलीची बहात्तर गावे गेली; १७८५ मध्ये दादरा गेले. त्या वेळी कोणी भाकीत केले नसेल, पण एका जहाजाच्या भरपाईपोटी आखलेली ही रेघ पुढे दोनशे वर्षे बाटलीचीही सीमारेषा होणार होती.

अबकारी येते

इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि चित्र बदलले. घरची भट्टी गुन्हा झाली. सरकारमान्य कारखान्यात गाळलेली आणि ठेकेदाराच्या दुकानात विकलेली तेवढी दारू कायदेशीर. ताडीच्या झाडावर कर बसला. एवढ्यावर भागेना म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला. अंगणात पडलेले मोहाचे फूल वेचून घरात ठेवण्यावरही निर्बंध आले. ज्याच्या दारात झाड त्याने फूल उचलायचे नाही आणि दारू मात्र दुकानातून विकत आणायची, असा हा न्याय होता.

पलीकडे पोर्तुगीज हद्दीत जर स्वस्त दारू मिळत राहिली तर अलीकडचा महसूल बुडणार, हे चाणाक्ष इंग्रजांनी ओळखले होते. म्हणून १८७८ च्याच अखेरीस पोर्तुगालशी केलेल्या तहात त्यांनी मीठ आणि अबकारी या दोहोंची कलमे घातली. पोर्तुगीज हद्दीतील अबकारी आपल्या पद्धतीशी जुळवून घ्यायला लावली, आणि मिठाच्या बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये देऊ केले. हा तह १८९२ मध्ये संपुष्टात आला आणि दोन्हीकडची व्यवस्था पुन्हा निराळी झाली. सीमेच्या दोन बाजूंना दारूचे दोन भाव, हा आजचा अनुभव इतका जुना आहे.

या सगळ्या उलाढालीत लहान मूल कोठे आहे? आपण शोधतो आहोत ती गोष्ट या तहात नाही, मोहाच्या कायद्यातही नाही. त्यांचा प्रश्न एकच होता : गाळणाऱ्याने आणि विकणाऱ्याने सरकारला किती दिले? पिणाऱ्याचे वय किती, याला त्यात जागा नव्हती.

देवी आली तेव्हा

या दुकानदारीविरुद्ध पहिला मोठा उठाव झाला, तो कोणत्याही कायदेमंडळात नव्हे. पालघर-वसईच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत १९२१ च्या सुमारास ‘देवी’ येऊ लागली. ज्यांच्या अंगात ती येई ते सांगत : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या ठेकेदाराची चाकरी करू नका. ही लाट डहाणू, धरमपूर, नाशिकचा डोंगराळ भाग असे करत १९२२ च्या हिवाळ्यापर्यंत सुरत जिल्ह्यात पोचली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने तिच्यावर ‘द कमिंग ऑफ द देवी’ हा ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून अभ्यासकांत तिची चर्चा होते. आपल्याकडील घरांतून मात्र तिची आठवण पुसट झाली आहे.

या चळवळीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, देवीने वयाची अट घातली नाही. मुलांनी पिऊ नये आणि बापाने प्यावी, असे तिने सांगितले नाही. सांगितले ते सगळ्या घराला. दुसरी ही की, तिचा रोख ठेकेदारावर होता. पिणारा पापी आहे, असे म्हणून ती थांबली नाही. दारूच्या दुकानाने आणि दारूच्या उधारीने माणूस वेठीला बांधला जातो, हे त्या अक्षरशत्रू माणसांना नेमके कळले होते. काही गावांत ती शपथ काही महिन्यांत सुटली, काही ठिकाणी कित्येक वर्षे टिकली. पण दारूचा प्रश्न घराने आणि गावाने स्वतः हाती घेतल्याचे इतके मोठे उदाहरण या टापूत नंतर झाले नाही.

परवान्याचा जन्म

पुढची पायरी सरकारने टाकली. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. डॉ. गिल्डर या मंत्र्यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने ती खिळखिळी झाली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून, म्हणजे दांडीला मीठ उचलल्याच्या दिवसाला वीस वर्षे होताना, सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी सुरू झाली. बलसारा नावाच्या नागरिकाने कायद्याला आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांविषयीच्या काही तरतुदी रद्द ठरवून बाकीचा कायदा उचलून धरला.

येथे आपल्या विषयाचा खरा धागा सापडतो. पूर्ण बंदीच्या काळात ‘पिण्याचे वय’ नावाची गोष्ट असूच शकत नाही; कारण कोणत्याच वयात पिता येत नाही. पण बंदी होताच अपवाद आले : परदेशी पाहुणे, सैन्य, आणि ज्यांना प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे असा दाखला मिळेल ते. या अपवादांचे नाव परवाना, म्हणजेच सर्वांच्या तोंडी बसलेले ‘परमिट’. परवाना कोणाला द्यायचा हे ठरवताना वय विचारणे आले. वयाचा आकडा मुलांना वाचवण्यासाठी खालून वर चढला नाही. बंदीच्या शिखरावरून एकेक सवलत देताना तो वरून खाली उतरत आला.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली. १९४९ चा तोच कायदा दोन्ही भावांच्या वाट्याला आला, पण भावांनी तो दोन तऱ्हांनी वापरला. गुजरातने बंदी ठेवली आणि आरोग्य परवान्याची दारे अरुंद ठेवली. चाळीस हा आकडा त्या दाराचा आहे. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंदी सैल झाली आणि परवाना जवळजवळ मागेल त्याला मिळू लागला. कायदा मात्र परवान्याचाच राहिला. आजही महाराष्ट्रात कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना देशी दारूसाठी दोन रुपये आणि विदेशी मद्यासाठी पाच रुपये असा स्वस्तात ठेवलेला आहे. मुंबई-ठाण्याच्या रस्त्यावर ‘परमिट रूम’ ही पाटी वाचताना ती मोरारजींच्या दारूबंदीची खूण आहे, हे कितीजणांच्या मनात येत असेल? त्या परवान्याच्या पात्रतेतच एकवीस आणि पंचवीस हे आकडे बसवले गेले. २०११ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने व्यसनमुक्ती धोरण मंजूर केले तेव्हा पंचवीसच्या आकड्यावरून केवढे वादळ उठले! अठराव्या वर्षी सरकार निवडायचे आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत पेला हातात धरायचा नाही, ही विसंगती महाविद्यालयीन तरुणांनी पुढे आणली. एक चित्रपट अभिनेता उच्च न्यायालयातही गेला.

आमच्या प्रदेशाची गोष्ट या दोन्हींहून निराळी. १९५० ते १९५४ ही चार वर्षे चारी बाजूंनी दारूबंदी असलेल्या मुंबई राज्याच्या पोटात ही पोर्तुगीज वसाहत होती. १९५४ च्या जुलैत दादरा आणि नरोली मोकळी झाली, आणि २ ऑगस्टला सिल्वाशावर तिरंगा फडकला. त्या लढ्यात सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशी मराठी घराघरांत ठाऊक असलेली माणसे होती. सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला, पण मुंबई राज्याच्या कोणत्याच वारसात तो विलीन झाला नाही. परिणामी मोरारजींच्या दारूबंदीचा वारसा येथे आला नाही. अलीकडे २०१२ मध्ये दादरा आणि नगरहवेलीसाठी अबकारीचे स्वतंत्र विनियम झाले. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. घटनेच्या सातव्या अनुसूचीत मादक पेये हा विषय राज्यसूचीत असल्याने हे असेच चालणार. ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीचे ध्येय सर्वांना एकच सांगितले, आणि वाट ज्याची त्याने काढली.

इतर देशांची वाट

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडमध्ये बरोबर उलटी दिशा दिसते. तेथे बंदी नव्हती, म्हणून आकडा खालून चढत गेला. १८७२ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना कडक मद्य विकायला मनाई झाली. १८८६ मध्ये तेरा वर्षांखालील मुलांना गुत्त्यात बसून बिअर पिण्यासाठी विकणे बंद झाले. १९०८ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलाला घरीसुद्धा दारू देऊ नये असे लिहावे लागले, यावरून त्या घरांची अवस्था काय असेल ते कळते. शेवटी १९२३ मध्ये पार्लमेंटच्या सभासद लेडी ॲस्टर यांच्या विधेयकाने विक्रीचे वय अठरा झाले. आपल्यावर १९५४ पर्यंत राज्य करणाऱ्या पोर्तुगालमध्ये तर बिअर आणि वाइन २०१५ पर्यंत सोळाव्या वर्षी मिळत होती. त्या वर्षी सर्व मद्यांसाठी अठरा हे वय ठरले.

सीमाभागाने विशेष लक्ष द्यावे असे उदाहरण अमेरिकेचे आहे. १९७१ मध्ये तेथे मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले. लगोलग अनेक राज्यांनी पिण्याचे वयही खाली आणले; काहींनी आणले नाही. मग व्हायचे तेच झाले. एकवीसच्या राज्यातील मुले मोटारी काढून अठराच्या राज्यात जात आणि रात्री परतताना राज्यसीमेच्या रस्त्यांवर अपघातांत सापडत. त्या रस्त्यांना लोक ‘रक्ताच्या सीमा’ म्हणू लागले. १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने, जे राज्य एकवीसचे वय मानणार नाही त्याच्या महामार्गांच्या केंद्रीय अनुदानाला कात्री लावली, आणि १९८८ पर्यंत सर्व राज्ये एकवीसवर आली. तात्पर्य, शेजाऱ्यांचे आकडे निराळे असले की किंमत मोजतात ती सीमेवरची मुले.

जन्मतारखेची वही

आता मी शाळेकडे वळतो, कारण वयाचा कायदा शेवटी शाळेच्या दारात येऊन थांबतो.

वय विचारायचे तर जन्मतारीख हवी. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. पण मांदोणी, सिंदोणी, दुधनीच्या पाड्यांवर सुईणीच्या हातून जन्मलेल्या मुलांची नोंद कोण करणार? बाप मुलाला घेऊन पहिलीच्या वर्गात यायचा आणि गुरुजी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख लिहायचे : १ जून. महाराष्ट्रातील आणि आपल्या भागातील जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसे इतकी का, याचे उत्तर कोणत्याही शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मिळेल. आईला विचारले तर ती सांगायची, आवणी चालू होती, किंवा मोह पडत होता. हे उत्तर खरे असे, पण रकान्यात बसत नसे.

२०१६ च्या मार्चमध्ये आमच्या शाळेला एका खटल्याच्या कामी पत्र आले. नववीत शाळा सुटलेला एक मुलगा सीमेपलीकडे दारूच्या बाटल्यांसह पकडला गेला होता. आपल्याकडे याला ‘खेप मारणे’ म्हणतात; वाचकांना शब्द नवा नाही. मुलगा सज्ञान की अज्ञान, यावर त्याला नेहमीच्या न्यायालयात उभे करायचे की बाल न्याय मंडळापुढे, हे ठरणार होते. त्याच वर्षीच्या १५ जानेवारीला नवा बाल न्याय अधिनियम अमलात आला होता. वयाबद्दल शंका असेल तर आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र पाहावे, ते नसेल तर नगरपालिकेची किंवा पंचायतीची नोंद, आणि तीही नसेल तर हाडांची तपासणी, असा क्रम त्यात सांगितला आहे. मी रजिस्टर घेऊन गेलो. १९९८ सालची १ जून. सतरा वर्षे आणि नऊ महिने. माझ्या आधीच्या कोणा गुरुजींनी बारा वर्षांपूर्वी निळ्या शाईने लिहिलेली ती ओळ त्या दिवशी त्या मुलाच्या आणि तुरुंगाच्या मधे उभी होती. त्याची आई बाहेर पायरीवर बसली होती. ती मला म्हणाली, “गुरुजी, तो आवणीत झाला. भात लावून घरी आले नि झाला.” म्हणजे जुलै. तिच्या हिशेबानेही तो अज्ञानच होता. मुलगा मंडळापुढे गेला, समुपदेशन झाले, घरी परतला. पुढे वापीच्या एका कारखान्यात लागला.

त्या प्रकरणात एक गोष्ट मनात राहिली. त्या मुलाचे वय तीन ठिकाणी तपासले गेले. ज्याने त्याच्या पिशवीत बाटल्या भरल्या, त्या माणसाचे नाव कागदावर आले नाही.

सर्वांना समान असलेला आकडा

आणि येथेच मला या लेखात जे सांगायचे आहे ते येते. चाळीस, पंचवीस, एकवीस यांवर आपण वाद घालतो. पण तिन्ही बाजूंना सारखा लागू असलेला एक आकडा आहे, तो आपण विसरतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ७७ वे कलम असे की, वैद्यकीय व्यावसायिकाच्या आदेशाशिवाय अठरा वर्षांखालील बालकाला जो कोणी दारू किंवा अन्य मादक पदार्थ देईल किंवा देववील, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. ७८ वे कलम असे की, दारू विकण्यासाठी, वाहून नेण्यासाठी, पोचवण्यासाठी किंवा चोरट्या मार्गाने नेण्यासाठी जो बालकाचा वापर करील, त्यालाही तीच शिक्षा. आधीच्या २००० सालच्या कायद्यात दारू देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. ती सात झाली.

हे कलम वापीत आहे, तलासरीत आहे, सिल्वाशात आहे, बेळगावात आणि पणजीतही आहे. त्याला परवान्याचा इतिहास नाही, महसुलाचा हिशेब नाही. पिणाऱ्याला ते काही विचारत नाही; देणाऱ्याला विचारते. एका अर्थाने शंभर वर्षांपूर्वी देवीने ज्याच्याकडे बोट दाखवले होते, त्याच्याकडेच कायदा आता बोट दाखवतो आहे.

फरक एवढाच की, आता देणारा ठेकेदारच असतो असे नाही. पालक सभेत मी हे कलम वाचून दाखवतो तेव्हा सभेत थोडी चुळबुळ होते. कारण संध्याकाळी पाहुणे आले की “जा रे, कोपऱ्यावरून घेऊन ये” असे सातवीतल्या मुलाला सांगणारा बाप सभेतच बसलेला असतो. तो वाईट माणूस नसतो. मुलाने प्यावी असे त्याला स्वप्नातही वाटत नाही. पण मुलाने रस्ता पाहिला, दुकानदाराशी ओळख झाली, बाटलीचे वजन हाताला कळले. एकवीसचा आकडा दुकानाच्या फळीवर लिहिलेला असतो; त्या फळीपर्यंत मुलाला पोचवतो तो बाप. काही घरांत लग्नाच्या मांडवात मामाच हसत हसत भाच्याच्या ओठाला पेला लावतो, आणि तिन्ही राज्यांचे अबकारी खाते मिळूनही तेथे पोचू शकत नाही.

रूढी म्हणून जे चालते त्याचे काय, असा प्रश्न आमचे आदिवासी पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. देवाला ताडीची धार द्यायची ती द्यावी. तिच्यात हंगाम आहे, गाव आहे, म्हातारी माणसे आहेत. त्यासाठी मुलाच्या हातात पेला द्यावा लागत नाही. दुकानातली सीलबंद बाटली ही देवाची रूढी नव्हे. ती १८७८ च्या अबकारीची रूढी आहे. हा फरक पालकांना सांगितला की पटतो, हा माझा अनुभव आहे.

आकडे पुढेही बदलतील. गुजरातने २०२३ च्या अखेरीस गांधीनगरच्या गिफ्ट सिटीपुरती बंदी सैल केली आहे. हरियाणाने २०२१ मध्ये पंचवीसचे एकवीस केले. केरळने २०१७ मध्ये उलट एकवीसचे तेवीस केले. उद्या महाराष्ट्राचा आकडा आमच्याएवढा होईल किंवा आमचा महाराष्ट्राएवढा. सीमेवरच्या माणसाने प्रत्येक वेळी नवा आकडा पाठ करावा आणि वेशीवर पाय बदलावा, हे चालत आले आहे आणि चालेल. मात्र अठरा वर्षांखालील मुलाच्या हातात बाटली द्यायची नाही, पिण्यासाठी नाही आणि आणण्यासाठीही नाही, एवढे एक कलम सीमेच्या दोन्ही अंगांच्या घरांनी, मराठी बोलणाऱ्या आणि गुजराती बोलणाऱ्या, सारखे पाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी जन्मतारखेचा दाखलाही लागत नाही. आपल्या पोराचे वय आपल्याला ठाऊक असते; मग तो १ जूनला झालेला असो की आवणीत.